सत्तरीतल्या होमस्टेची चार फुटी टाकी

पार्श्वभूमी

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं एक होमस्टे. जुनं घर, मागे कुळागर, म्हणजे माड-पोफळीची बाग, कुळागराच्या खालच्या अंगाला बारा महिने थोडंफार पाणी असणारा व्हाळ, म्हणजे ओढा. पाहुण्यांच्या जेवणाच्या खोलीत चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशी काचेची टाकी. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. टाकी हौसेची कुणाच्या आणि सांभाळायची कुणी, हे इथे आधीच सांगायला हवं, कारण पुढचे निम्मे निर्णय त्यावरच ठरले. हौस धाकट्या दिरांची. मासे खिलवणं, काच पुसणं, पाणी बदलणं वहिनींकडे. त्या त्यांना भावजी म्हणतात, मीही इथे तेच नाव वापरतो.

भावजींच्या डोक्यात किडा शिरला तो लिस्बनहून. चुलतभाऊ तिकडे नोकरीला. त्याने तिथल्या ओशनारियमचा, म्हणजे मोठ्या मत्स्यालयाचा, व्हिडिओ पाठवला. ताकाशी आमानो (१९५४–२०१५) हे जपानी छायाचित्रकार. पाणवनस्पतींच्या टाकीला निसर्गदृश्याचं रूप देण्याची आज जगभर चालते ती पद्धत प्रामुख्याने त्यांची. २०१५ मध्ये, म्हणजे जाण्याच्या थोडंच आधी, त्यांनी लिस्बनला ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची टाकी उभारली. ती पाहून भावजींनी टाकीतली निळी खडी उपसून टाकली, प्लास्टिकचा किल्ला भाच्याला दिला आणि खऱ्या दगडांची, खऱ्या झाडांची टाकी मांडली. वर्षभर तिच्याशी झटले. माझ्याकडे निरोप आला तेव्हा त्यांचं म्हणणं एका वाक्यात होतं : "सगळं खरं घातलंय, तरी खोटं दिसतं."

अडचण

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. टाकीत प्लास्टिकचं एक पान नव्हतं. दगड मात्र पाच जातींचे: पांढऱ्या गारगोट्या, गुळगुळीत काळे गोटे, जांभ्याचे तुकडे, दुकानातला एक हिरवट चपटा दगड आणि समुद्रावरून आणलेले शिंपले. झाडं उंचीप्रमाणे रांगेत, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. बरोबर मध्यभागी मोठं ड्रिफ्टवूड, म्हणजे पाण्यात झिजलेलं लाकूड. मागच्या काचेला समुद्रातल्या प्रवाळांचं पोस्टर. पाण्यात दोन गोल्डफिश, दोन एंजलफिश, मोजता न येणारे गप्पी आणि फूटभर वाढलेला एक सकर, काचेला तोंडाने चिकटणारा मासा, जो रात्री झाडं उपटायचा.

चवथीला गणपतीवर बांधतात ती माटोळी आठवा. रानातली फळं, कंद, पानं, सगळी अस्सल आणि प्रत्येक सुटी दिसेल अशी टांगलेली. तिला कोणी रान म्हणत नाही, म्हणायचंही नसतं. भावजींनी पाण्यात माटोळी बांधली होती.

मांडणीखाली दुसरी अडचण दडलेली होती, पाण्याची. लाल पानांची रोटाला खालून उघडी पडत चाललेली आणि लांब पात्यांच्या व्हॅलिस्नेरियाचं रान माजलेलं. काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरं पूट. विहिरीचं पाणी जांभ्यातलं, तेव्हा मऊ आणि किंचित आम्ल असणार असा अंदाज होता आणि पाणी तपासायच्या किटने तसंच दाखवलं : पीएच ६.२, केएच १. केएच म्हणजे, सोप्या भाषेत, पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप. टाकीतलं तेच पाणी मात्र पीएच ८ च्या वर आणि केएच ९. पाण्यात कुठून तरी चुना मिसळत होता.

शिंपले तर होतेच, पण ते मूठभर. मला संशय रेतीचा. चुना असेल तर व्हिनेगरने फेस येतो. वहिनींनी माडाचं व्हिनेगर दिलं. तळाची रेती चमचाभर स्टीलच्या वाटीत घेतली आणि वर व्हिनेगर ओतलं. वाटीच्या कडेने बारीक फेसाची किनार धरली, आणि कान जवळ नेला तर सरसर ऐकूही येत होती. मग बोटाने रेती पसरून पाहिली. नखाच्या टोकाएवढे, कडा झिजलेले पांढरे तुकडे जागोजाग. वहिनींनी एक तुकडा उचलून उन्हात धरला आणि म्हणाल्या, "हे तिसऱ्यांचं कवच. रांधताना रोज बघते मी." रेती घराच्या बांधकामातून उरलेली. गोव्याच्या नद्यांत भरतीचं पाणी खूप आतपर्यंत चढतं, त्यामुळे नदीची म्हणून घेतलेल्या रेतीतही कवचांचा चुरा सापडतो.

व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला या वनस्पती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेऊ शकतात. रोटालाला ते जमत नाही, तिला विरघळलेला कार्बन डायऑक्साइडच लागतो. म्हणजे जड पाण्यात कोण जिंकणार हे ठरलेलंच होतं. भावजी वर्षभर रोटालाला खत घालत होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय भावजींच्या मनातला : कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, पाणवनस्पतींसाठीची विकतची माती (एक्वासॉइल), तीव्र दिवे, तांबडी झाडं. हे केलं असतं तर टाकी देखणी झाली असती यात शंका नाही. पण सिलिंडर भरायला शहर गाठावं लागतं, पावसाळ्यात वीज कधी जाईल त्याचा भरवसा नाही, आणि अशा टाकीत दर आठवड्याला कात्री चालवावी लागते. ती कात्री कोणाच्या हातात येणार? वहिनी यावर काही बोलल्या नाहीत, नुसतं भावजींकडे पाहिलं. हा पर्याय तिथेच निकालात निघाला.

दुसरा पर्याय त्याच्या उलट टोकाचा. मागे व्हाळ आहेच. तिथलेच दगड, तिथलीच झाडं, तिथलेच मासे आणायचे. ऐकायला हा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो. पण सत्तरीचा मोठा भाग १९९९ साली घोषित झालेल्या म्हादई अभयारण्यात येतो, तिथून पान उचलणंही गुन्हा. व्हाळाचा खालचा भाग खासगी जमिनीतून जात असला तरी वरचा प्रवाह कुठून येतो ते सगळ्यांना ठाऊक होतं. कायदा बाजूला ठेवला तरी वाहत्या, गार, भरपूर ऑक्सिजनच्या पाण्यातले मासे एप्रिल-मेच्या बंद खोलीत तग धरत नाहीत. सह्याद्रीच्या ओढ्यांत मिळणाऱ्या क्रिप्टोकोरिनसारख्या वनस्पती पावसाळ्यात पाण्याखाली आणि उन्हाळ्यात जवळजवळ उघड्यावर राहतात. टाकीत त्यांना तो फेरा मिळत नाही.

शिवाय एक गोष्ट मला मुद्दाम बोलून दाखवावी लागली. खरा व्हाळ जसाच्या तसा टाकीत आणला तर पाहुणे विचारतील, टाकी धुतली नाही का? खऱ्या व्हाळात शेवाळ असतं, कुजकी पानं असतात, गाळ असतो.

तिसरा पर्याय या दोघांच्या मधला : रूप व्हाळाचं घ्यायचं, सामान जिथून सोयीचं तिथून. यासाठी मला आधार मिळाला तो भावजींच्याच लाडक्या लिस्बनचा. तिथल्या टाकीत ज्वालामुखीचे दगड आहेत अझोर बेटांवरचे आणि खोडं आणलीत स्कॉटलंड-मलेशियाहून. असा ओढा पृथ्वीच्या पाठीवर कुठेच वाहत नाही. तरी बघणाऱ्याला तो पटतो, कारण दगड कसे पडतात आणि झाडं कुठे उगवतात याचे नियम त्यात पाळलेत. भावजी यावर गप्प झाले, मग म्हणाले, "म्हणजे आपण इतके दिवस नुसतं सामान गोळा करत होतो." तिसरा पर्याय ठरला. सिलिंडर नाही, सावलीत वाढणारी झाडं, विहिरीचं मऊ पाणी जसं आहे तसं.

व्हाळाकाठची पाहणी

टाकीला हात लावण्याआधी फेब्रुवारीत, पाणी नितळ असताना, आम्ही व्हाळावर गेलो. आणायचं काहीच नव्हतं, फक्त बघायचं आणि फोटो काढायचे. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात मोलाचं काम हेच. यावर एक पैसा खर्च झाला नाही.

पहिली गोष्ट दिसली ती मोठ्या दगडांची बैठक. एकही मोठा दगड तळावर ठेवलेला नव्हता. प्रत्येक जण तळातून वर आलेला, तिसरा हिस्सा तरी रेतीत गाडलेला. भावजींच्या टाकीतले दगड मात्र ताटात वाढलेले.

दुसरी, मोठ्याजवळ मधले, मधल्याजवळ बारीक. आणि ते चारी बाजूंना सारखे नाहीत. प्रवाह ज्या अंगाने दगडावर आदळतो तिथे तळ खरवडलेला, स्वच्छ. दगडाच्या पाठीमागे, पाणी जिथे संथ होतं, तिथे खडीची निमुळती शेपटी साचलेली. व्हाळ वळतो तिथे आतल्या बाजूला बारीक रेती, बाहेरच्या बाजूला उघडी मुळं. नुसती खडी कुठे साचली आहे ते पाहून, पाणी डोळ्यांआड करूनसुद्धा, प्रवाहाची दिशा सांगता आली असती.

तिसरी गोष्ट झाडांची. ती सगळीकडे नव्हतीच. दगडाच्या आडोशाला आणि काठालगत दाट पुंजके, मध्ये भरपूर मोकळी जागा. पुंजक्याची कड कापल्यासारखी नाही, विरत गेलेली : आधी दाट, मग दोन-चार रोपं, मग एखादं चुकार. लांब पानं सगळी एकाच दिशेला कललेली.

भावजींनी काढलेल्या फोटोंतला एक मला फार उपयोगी पडला. त्यात अर्धा व्हाळ सावलीत होता आणि सावलीतला भागच जास्त खोल वाटत होता, प्रत्यक्षात तिथे घोटाभर पाणी असूनही.

प्रत्यक्ष काम

काम जूनअखेरीस काढलं, पाहुण्यांचा हंगाम संपल्यावर. एकदम सगळं उपसायचं की टप्प्याटप्प्याने, यावर विचार झाला. तळाची रेतीच बदलायची असल्यामुळे टप्पे शक्य नव्हते. मासे पिंपात काढले आणि फिल्टरचा जुना स्पंज न धुता त्याच पिंपात चालू ठेवला. अमोनिया पचवणारे जिवाणू त्यात मुरलेले असतात, ते गेले असते तर नव्या टाकीत महिनाभर मासे सोडता आले नसते. पहिल्या पावसात विहीर गढुळली होती, म्हणून पाणी दुसऱ्या पिंपात निवळून घेतलं.

दगड एकाच जातीचे, जांभ्याचे. परसातला जुना गडगा ढासळला होता, त्यातले. जांभा निवडताना एक पथ्य : आतला मऊ, पिवळट भाग पाण्यात विरघळून लाल चिखल करतो, म्हणून पावसापाण्याने काळवंडलेले, टणक कवचाचे तुकडेच घेतले. ब्रशने घासून, भिजत ठेवून, व्हिनेगर टाकून पाहिले. फेस नाही. जांभ्याची छिद्रं शेवाळी आणि फर्न बांधायला फार सोयीची असतात, आणि त्याच्या तांबूस काळ्या रंगावर हिरवा उठून दिसतो.

उतार टिकवणं हे मला सगळ्यात अवघड वाटत होतं. डाव्या मागच्या कोपऱ्यात १४ सेंटिमीटर आणि उजवीकडे पुढे ४ सेंटिमीटर, असा तळ हवा होता. नुसती खडी ओतली तर काही महिन्यांत ती सपाट होते. वहिनींनी जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीच्या पिशव्या शिवल्या, त्यांत जांभ्याचा चुरा भरून त्या कोपऱ्यात रचल्या, वर खडी घातली. उतार अजून जागचा हललेला नाही.

मुख्य दगड मध्यभागी न ठेवता डाव्या काचेपासून दीड फुटावर गाडला, थोडा उजवीकडे कलवून. त्याच्या उजव्या अंगाला मधले आणि बारीक तुकडे, मग खडीची शेपटी, मग फेस न येणारी बारीक रेती. दगड फोडताना निघालेला चुराही टाकला नाही, त्याच दगडांच्या पायथ्याशी भुरभुरवला. ड्रिफ्टवूडच्या मोठ्या ओंडक्याऐवजी तीन बारीक फाटे घेतले आणि ते डाव्या वरच्या कोपऱ्यातून पाण्यात उतरतील असे लावले, काठावरच्या झाडाची मुळं आत आल्यासारखे. फिल्टरचं तोंडही डावीकडे मागे. त्यामुळे लांब पानं आपोआप उजवीकडे झुकली, मुद्दाम काही करावं लागलं नाही.

इथे एका ठिकाणी व्हाळाचं ऐकलं नाही. रेतीची वाट मागे जाताना निमुळती केली आणि मागे बारीक पानांची झाडं लावली, पुढे रुंद पानांची. खऱ्या व्हाळात असा क्रम नसतो. पण टाकीची खोली जेमतेम दीड फूट, डोळ्याला फसवल्याशिवाय ती वाढत नाही.

झाडं मोजकीच : फाट्यांवर जावा फर्न आणि जावा मॉस, दगडांच्या खाचांत अनुबियास, आडोशाला दोन प्रकारच्या क्रिप्टोकोरिन, डाव्या कोपऱ्यात रोटाला रोटंडिफोलियाचा एक पुंजका, मागे बारीक, लांब पात्यांच्या व्हॅलिस्नेरियाची चार रोपं. फर्न आणि अनुबियासचं खोड खडीत पुरलं तर कुजतं, म्हणून ती दोऱ्याने बांधली. प्रवाळांचं पोस्टर गेलं, काचेला मागून काळा रंग. दिवा एका बाजूला सरकवला, उजवा मागचा कोपरा अंधारा राहील असा. रोजचे दहा तास कमी करून टायमरवर सहा.

मासे एकाच जातीचे, हार्लेक्विन रास्बोरा. मऊ, किंचित आम्ल पाणी त्यांना मानवतं, आणि दोन इंचांहून लहान मासा असला की दगड डोंगराएवढा वाटतो. जुन्या माशांची सोय लावणं जड गेलं. गप्पी आणि सकर व्हाळात सोडून देऊ, असं घरातल्या एका ज्येष्ठांचं मत होतं, त्यात त्यांना पुण्यच दिसत होतं. गप्पी आणि सकर दोन्ही मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे, आणि सकर तर आपल्या अनेक नद्या-तलावांत डोकेदुखी होऊन बसलाय. शेवटी गोल्डफिश आणि गप्पी अंगणातल्या दोन वेगळ्या सिमेंटच्या टाक्यांत गेले. एंजल आणि सकर दुकानदाराने परत घेतले. उपटलेली व्हॅलिस्नेरिया उन्हात वाळवून माडाच्या आळ्यात घातली, व्हाळात नाही.

चवथीआधीचा पेच

सुरुवातीच्या आठवड्यांत टाकी वाईट दिसत होती. फाट्यांवर पांढरा बुळबुळीत थर आला, काचेवर तपकिरी पूट, आणि क्रिप्टोकोरिनची पानं अक्षरशः विरघळली. पांढरा थर नव्या लाकडावर येतोच आणि जातो. तपकिरी पूट डायटम या सूक्ष्म शेवाळाचं, नव्या टाकीचा हा नेहमीचा पाहुणा. क्रिप्टोकोरिन जागा बदलली की पानं टाकते, पण मूळ जिवंत असतं. हे सगळं सांगून झालं, तरी भावजींचा धीर सुटला. चवथ तोंडावर आलेली, घर माणसांनी भरणार. त्यांनी दुकानात वाढलेल्या झाडांची मोठी ऑर्डर देण्याचं ठरवलं : "रिकामी टाकी कशी दाखवायची लोकांना?"

हा या प्रकरणातला खरा वळणाचा क्षण होता. झाडं कोंबली असती तर चवथीला टाकी भरलेली दिसली असती, पण मोकळ्या जागा गेल्या असत्या आणि पुन्हा रांगा आल्या असत्या. शिवाय प्रत्येक लावणीला खालची जांभी माती ढवळून वर येते. वहिनींनी एका क्रिप्टोकोरिनच्या बुडाशी बोट लावून पाहिलं, म्हणाल्या, "भावजी, कोंब धरलाय. उपटू नका." खरंच तांदळाच्या दाण्याएवढा तांबूस कोंब होता. ऑर्डर रद्द झाली. तडजोड म्हणून टाकीवर देशी बदामाची तीन वाळलेली पानं सोडली. ती बुडून तळाशी बसली, पाण्याला चहासारखी किंचित छटा आली आणि मोकळी रेती एकदम रिकामी वाटेनाशी झाली. चवथीला आलेल्या मुलांनी सगळ्यात जास्त वेळ त्या पानांखाली शिरणाऱ्या माशांकडेच पाहिलं, असं नंतर कळलं.

परिणाम

दिवाळीपर्यंत क्रिप्टोकोरिनने जागा धरली. केएच २ वर आणि पीएच ६.८ च्या आसपास स्थिरावला. काचेवरचं पांढरं पूट परत आलं नाही. व्हॅलिस्नेरिया आता आवाक्यात आहे. दिव्याचे तास सहावरून सात केले, त्यापुढे नेल्यावर काचेवर हिरवे ठिपके यायला लागले, म्हणून पुन्हा सातवर. वहिनींचं काम आठवड्याला दोन बादल्या पाणी बदलणं आणि महिन्यातून एकदा पिवळी पानं खुडणं एवढंच उरलं. पाहुणे आता टाकीतल्या एकेका वस्तूविषयी विचारत नाहीत. हे व्हाळातलं कुठलं ठिकाण, असं विचारतात. भावजी त्यांना खरं सांगतात, पण थोडा वेळ घेऊन.

सगळं जमलं असं नाही. रोटाला जगली पण लाल झाली नाही. इतक्या कमी उजेडात आणि सिलिंडरशिवाय ती होणारही नव्हती. भावजींनी अजून तो नाद पुरता सोडलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

कामाला जूनऐवजी ऑक्टोबरचा शेवट धरला असता तर चवथीचा पेच आलाच नसता. पण ऑक्टोबरमध्ये पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो, आणि उघडीवाघडी टाकी जेवणाच्या खोलीत ठेवायला वहिनींनी साफ नकार दिला असता. म्हणजे यावर निर्दोष उत्तर नव्हतंच. सोयीचं होतं ते निवडलं गेलं.

फाट्यांवरचा जावा मॉस मात्र टाळता आला असता. पुढच्या मे महिन्यात टाकीचं पाणी ३१ अंशांवर गेलं आणि मॉस टोकांपासून तपकिरी पडला, अनुबियास आणि फर्न तसेच राहिले. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण गोव्याच्या दमट हवेत तेवढा फरक पडत नाही. दिव्याची वेळ दुपारची आहे, ती संध्याकाळी ढकलली तर उष्णतेला थोडा आळा बसेल, आणि तसंही पाहुणे जेवायला येतात ते रात्री. झाकणाची मागची पट्टी काढून तिथे जाळी बसवायचं ठरलंय. पंख्याला भावजींची हरकत नाही. त्याच्या घरघरीला वहिनींची संमती अजून यायची आहे.